ग्रंथसंग्रह कीं भाड्याचें वाचन?

‘संग्रह’ शब्द ग्रह् धातूपासून झाला. एकत्र घेऊन ठेवणें हा त्याचा अर्थ, असें आम्ही वर्गांत शिकवीत असूं. ग्रंथालयानें पुस्तक विकत घेतलें कीं तें त्याचें झालें. पुढें प्रकाशकाची पेढी बुडाली तरी कपाटांतलें पुस्तक कोणी परत मागत नाहीं. स्वतंत्र भारताच्या सरकारनेंही हेंच तत्त्व मानलें. प्रकाशकानें प्रत्येक छापील पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठराविक ग्रंथालयांस विनामूल्य द्यावी, असें बंधन १९५४ सालच्या कायद्यानें घातलें.

शास्त्रीय नियतकालिकांचा व्यापार मात्र आतां निराळ्या रीतीनें चालतो. ग्रंथालयाच्या हातीं बहुधा अंक येत नाहीं. येतो तो संगणकावर वाचण्याचा मुदतबंद परवाना. करारांत तशी सोय नसेल, तर वर्गणी थांबतांच मागील अंकही दिसेनासे होतात. शिवाय हा व्यापार ॲम्स्टरडॅमच्या एल्सेव्हिअरसारख्या थोड्या परदेशी कंपन्यांकडे एकवटलेला. त्यांच्याशीं एकटें महाविद्यालय किमतीची घासाघीस ती काय करणार?

यास्तव केंद्रीय मंत्रिमंडळानें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें आणि सरकारी व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था, असा तिचा विस्तार. आडवळणाच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यासही मोठ्या शहरांतल्याइतकें वाचावयास मिळावें, हा हेतु स्तुत्यच आहे.

तथापि आम्हांस दोन शंका येतात. एवढें द्रव्य वेंचून मुदत सरल्यावर देशाच्या पदरीं कायमचें काय राहील, ही पहिली. दुसरी अशी कीं, १९६७ च्या कायद्याखालीं मान्यता मिळालेलीं महाराष्ट्रांतील हजारों सार्वजनिक ग्रंथालयें या पहिल्या यादींत नाहींत. त्यांचे वाचक म्हणजे सेवानिवृत्त, गृहिणी, शेतकरी आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारीं मुलें. करभार तेही उचलतात. मग नव्या आजाराविषयीं किंवा पिकावरील किडीविषयीं झालेलें संशोधन त्यांनीं कोठें वाचावें?

पुढील करार करतांना सरकारनें दोन अटी अवश्य घालाव्या: वर्गणीच्या काळांतील अंक कायमचे जतन करण्याचा हक्क, आणि प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयांत निदान एका संगणकावर ते वाचण्याची मुभा. वाचकांनीं आपापल्या ग्रंथालयाच्या वार्षिक सभेंत तसा ठराव मांडावा, अशी आमची विनंती आहे. २०२७ ची अखेर फार दूर नाहीं.