माश्यांना भुलवणारं सीताफळाचं भावंड

मार्चअखेरीस नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत रेडबडच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी फुलांनी लगडतात आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते. त्याच सुमारास ओढ्याकाठच्या सावलीत पॉपॉही फुलतं. मधमाश्या मात्र तिकडे फारशा फिरकत नाहीत. पॉपॉ हे सीताफळाच्या कुळातलं झाड. हे कुळ बहुतांशी उष्ण प्रदेशातलं; नॉर्थ कॅरोलायनाचा हिवाळा सोसणारं पॉपॉ हा त्यातला अपवाद.

पॉपॉचं फूल खाली मान घालून लोंबतं. पाकळ्या सहा, रंग शिळ्या मटणासारखा काळपट तांबडा आणि वास आंबलेल्या पिठाच्या जवळ जाणारा. आपलं नाक मुरडलं तरी त्याचं काही बिघडत नाही. सडक्या, आंबलेल्या वस्तूंच्या शोधात फिरणाऱ्या माश्या आणि भुंगेरे हे त्याचे पाहुणे. रेडबडचा गुलाबी थाट त्यांच्या काय कामाचा!

पाहुणे आले तरी काम होईलच असं नाही. फुलातली कुक्षी आधी तयार होते, परागकण नंतर सुटतात. तोवर कुक्षीची वेळ टळलेली असते. त्यामुळे कीटकाला एका फुलातून दुसऱ्या फुलात जावंच लागतं. सीताफळाचंही तेच. त्याच्या तीन जाड, हिरवट पाकळ्या आधी जेमतेम किलकिल्या होतात आणि त्या फटीतून बारीक भुंगेरे आत शिरतात. फुलं ढीगभर आणि फळं मोजकी, ही सीताफळाची जुनी रड; म्हणून काही बागायतदार ब्रशने हातानेच परागण करतात.

पॉपॉची अट आणखी कडक आहे. त्याला स्वतःच्या झाडाचे पराग सहसा चालत नाहीत. मुळांपासून फुटवे फुटून त्याची राई होते खरी, पण ती बहुधा एकाच झाडाची नक्कल असते. अशा राईत माश्या कितीही घोंगावल्या तरी फळ क्वचितच धरतं.

कॅरीतल्या अंगणात पॉपॉ लावायचं असेल, तर वेगवेगळ्या बियांपासून वाढवलेली किंवा दोन निराळ्या जातींची रोपं जवळजवळ लावा आणि फुलोऱ्यात ब्रश हाताशी ठेवा. पानं कुरतडलेली दिसली तरी लगेच फवारणी करू नका. झेब्रा स्वॅलोटेल फुलपाखराच्या अळ्या पॉपॉच्याच पानांवर वाढतात. फळं ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. गर खा, बिया मात्र सीताफळासारख्याच थुंकून टाका. त्या विषारी असतात.