लॉन लावताय? आधी पाण्याचा हिशेब, मग अवजारांची खरेदी

मिसरोद (भोपाळ) : पाऊस तोंडावर आला की नर्मदापुरम रोडच्या आजूबाजूच्या नव्या कॉलन्यांमध्ये घरापुढच्या मोकळ्या जागेचं काय करायचं, हा विषय निघतो. नागपूर, अमरावती, वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडे आलेल्या अनेक मराठी घरांचं हे पहिलंच अंगण. फ्लॅटमध्ये कुंड्यांवर भागवलेलं असतं, त्यामुळे हौस मोठी. नर्सरीवाला चौरस फुटाचा भाव सांगतो, चटया आणून अंथरतो आणि दोन दिवसांत हिरवंगार होतं. पुढच्या मे महिन्यात तेच लॉन पेंढ्यासारखं झालेलं असतं आणि पैसे गेलेले असतात.

यात नर्सरीवाल्याची चूक थोडी, हिशेब न केल्याची जास्त.

20 बाय 30 फुटांचं लॉन धरा. म्हणजे 600 चौरस फूट, सुमारे 56 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मेच्या उन्हात हरळीसारख्या काटक गवतालासुद्धा दिवसाला 5 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे रोज 280 लिटर, महिन्याला साधारण 8,400 लिटर. 5,000 लिटरचा टँकर धरला तर जवळपास पावणेदोन टँकर फक्त गवताला. ज्या कॉलनीची बोअर एप्रिलमध्येच दम टाकते, तिथे हे पाणी आणायचं कुठून? भोपाळला वर्षाला सरासरी 1,100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. उरलेले आठ महिने तुम्ही आणि तुमची टाकी.

म्हणून लॉन 600 ऐवजी 200 चौरस फुटांचंच करावं, बाकी जागेत फरशी, कढीपत्ता, लिंबू. 200 फुटांना मेमध्येही रोज 90-95 लिटर पुरतं. हे कुणाला रडगाणं वाटेल, पण वर्षभर हिरवं राहणारं छोटं लॉन सहा महिने पिवळं पडलेल्या मोठ्या लॉनपेक्षा बरं. एसीचं ठिबकणारं पाणी गवताला चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज घालू नये. बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, त्यात आरओ ते क्षार आणखी दाट करून बाहेर टाकतो.

काळी माती आणि भिंतीची भेग

मिसरोदची माती माळव्याची काळी, विदर्भातल्या माणसाला ओळखीचीच. ओली झाली की फुगते, सुकली की फाटते. घर बांधून झाल्यावर अंगणात वर दिसतो तो बहुतेक वेळा भराव असतो: मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. चटई त्याच्यावरच अंथरली तर मुळं खाली जाणार कुठे? आधी वीतभर खणून हा कचरा काढायचा, चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. 10 फुटांना इंच-दीड इंच पुरे.

लॉन थेट भिंतीला टेकवू नये. जोत्याजवळची काळी माती एका बाजूला रोज ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली तर ती सारखी फुगत-आकसत नाही, आणि त्याचा ताण भिंतीवर येतो. दोन-तीन फूट जागा सोडून तिथे फरशी किंवा गिट्टी टाकावी. लॉनपायी भिंतीला भेग गेली तर ती दुरुस्ती लॉनच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जाते.

गवत कुठलं? सावली नसेल तर हरळीच, म्हणजे आपली दूर्वा किंवा तिचे निवडक वाण. चटई परवडत नसेल तर मुळासकट काड्या चार-चार बोटांवर खोचाव्यात. पाऊस लागला की पावसाळाभरात जागा भरते. मेक्सिकन म्हणून विकलं जाणारं गवत दिसायला गालिचा, पण महाग आणि लाडावलेलं. घराच्या किंवा आंब्याच्या सावलीत हरळी टिकत नाही, तिथे हट्ट करू नये. हरळीचा मोठा गुण असा की मेमध्ये पाणी तोडलं तरी ती वरून वाळते पण मरत नाही. दहा-बारा दिवसांतून एकदा खोल भिजवलं तर पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उठते.

शेणखताबरोबर फुकट येतो तो लव्हाळा, इकडे त्याला मोथा म्हणतात. उपटला की वरचं पातं हातात येतं, गाठ खालीच राहते आणि आठवड्यात पुन्हा वर. लांब पात्याच्या खुरप्याने गाठीसकट काढणे आणि काढत राहणे, एवढंच. ग्लायफोसेट मारलं तर लव्हाळ्याबरोबर लॉनही जातं. कुंपणाकडेचं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून काढावं. अनेकांना त्याने अंगाला खाज सुटते.

दुकानात काय मागायचं

इथे भाषेची गंमत होते. पुणे-साताऱ्याकडचा माणूस ‘पहार’ मागतो आणि दुकानदार बघत राहतो. ‘सब्बल’ म्हटलं की लगेच मिळते. वैदर्भीयांना हा शब्द घरचाच. विळा म्हणजे हँसिया, दाताळं म्हणजे पंजा, आणि पाणी घालायची झारी म्हणजे हजारा. खुरपं तेवढं खुरपी म्हणून समजतं.

भोपाळच्या नबीबागेत मृदा विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिथेच 1976 पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थाही आहे. तरी याच शहरात माती न तपासता लॉन लागतं आणि अवजार दांड्याचा रंग पाहून घेतलं जातं. या अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळा आणि राहुरी कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा, दोन्ही दातेरी. लॉनच्या कडा आणि कोपरे कापायला असा एक विळा पुरतो, धारही लवकर जात नाही.

खुरपं रंगीत पत्र्याचं घेऊ नका. काळ्या मातीत ते दुसऱ्या दिवशी वाकतं. रस्त्याकडेला बसणारे गाडिया लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद ठोकून खुरपी करतात, ती दिसायला ओबडधोबड पण पिढीभर चालणारी. पात्याची शेपटी मुठीत खोल गेलेली आहे का, मूठ हलते का, हे हातात घेऊन बघायचं. उन्हाळ्यात लाकूड सुकून मूठ ढिली होते. रात्रभर पाण्यात ठेवली की पुन्हा घट्ट बसते.

आता कापणीचं यंत्र. 200 चौरस फुटांना लांब दांड्याची कात्री भागते. त्याहून मोठ्या लॉनला हाताने ढकलायचं पिंपवजा यंत्र घ्यावं. 1830 साली इंग्लंडच्या एडविन बडिंगने ते कापडाचा लव कापायच्या यंत्रावरून काढलं, आणि तत्त्व आजही तेच आहे: फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं यांच्यात गवत कात्रीसारखं कापलं जातं. घेताना वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरून पिंप हाताने नव्हे तर चाकाने फिरवून बघा. सबंध लांबीत कागद स्वच्छ कापला गेला तर जुळणी ठीक, फाटला तर दुसरं काढायला सांगा.

विजेचं यंत्र सोपं खरं, पण ओलं गवत, जमिनीवर पसरलेली वायर आणि अनवाणी पाय हे एकत्र येता कामा नये. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर विजेचं यंत्र आणूच नये. वायर खांद्यावरून मागे सोडायची आणि पावसाळ्यात गवत वाळल्याशिवाय बटण दाबायचं नाही. चार-पाच घरांनी मिळून हाताचं एक यंत्र घेतलं तर यातलं काहीच करावं लागत नाही. फक्त धार कोण लावणार हे आधी ठरवा, भांडण तिथेच होतं.

कापताना उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त एकावेळी नको. पावसात गवत वाढलं म्हणून एकदम बुडापासून सपाट केलं की खालचा पिवळा भाग उघडा पडतो. युरिया चौरस मीटरला 5 ग्रॅम पुरे, टाकल्यावर लगेच पाणी. पाती पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर युरिया नव्हे, लोह कमी आहे. लिटरला 5 ग्रॅम हिराकस विरघळवून फवारायचं, आणि फरशीवर उडू द्यायचं नाही, तांबडे डाग निघत नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड झाल्या की हरळी तपकिरी पडते. गवत मेलं समजून अनेक जण याच वेळी खत आणि पाणी ओततात. ते तेव्हा झोपलेलं असतं. आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी द्यावं, यंत्र पुसून तेल लावून ठेवावं. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की बुडाशी हिरवे कोंभ दिसू लागतात.