मच्छीमाराचे हात आणि त्यांची निगा

चेन्नई शहराच्या उत्तर भागातील काशीमेडू बंदरात पहाटेच्या वेळी नौका धक्क्याला लागू लागतात. लहान होड्या रात्री निघून सकाळी परततात. मोठ्या यांत्रिक नौका मात्र कित्येक दिवस समुद्रावर राहून, बर्फात ठेवलेली मासळी घेऊन येतात. मासळी उतरविणे, तिची प्रतवारी, लिलाव या गडबडीत मासे धरून आणणाऱ्या हातांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तळवे पांढुरके आणि कडक झालेले, बोटांच्या पेरांवर भेगा, अंगठ्याच्या कडेला रक्ताळलेली चीर, असे हे हात असतात. हात फाटणे हा धंद्याचाच भाग आहे, असे मच्छीमार समजतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. हाताला घट्टे पडणे अटळ आहे, आणि ते एका परीने उपकारकही आहे. परंतु भेगा पुष्कळ अंशी टाळता येतात. त्या टाळणे अगत्याचेही आहे, कारण ज्या त्वचेला भेग पडली तिच्यातून समुद्रातील आणि मासळीवरील जंतूंना शरीरात वाट मिळते.

हातांवर पडणारा ताण

या किनाऱ्यावरील जुनी नाव म्हणजे कट्टुमरम. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके दोराने बांधून केलेला हा तराफा. इंग्रजीतील ‘कॅटामरान’ हा शब्द येथूनच गेला. आज कट्टुमरमची जागा बहुतांशी काचतंतूंच्या होड्यांनी घेतली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हा बदल अधिक वेगाने झाला. होडीला यंत्र आले, तरी लहान होडीवरील जाळे ओढावे लागते ते हातांनीच. पूर्वीची जाळी सुताची असत. ती पाणी शोषून जड होत आणि लवकर कुजत. नायलॉनचा धागा बारीक, बळकट आणि टिकाऊ असतो, पण तोच ओल्या बोटांवरून ताणाने सरकला म्हणजे सुरीसारखा कापतो. गळाला मोठी सुरमई लागली, की तिच्या पहिल्या हिसक्यासरशी दोरी बोटांमधून धावते आणि एका क्षणात कातडी सोलून निघते.

शहराच्या उत्तरेस एन्नोरच्या खाडीत आणि त्यापलीकडील पुलिकत सरोवरात इरुळर समाजाचे स्त्री-पुरुष तर जाळ्यावाचूनच कोळंबी धरतात. उथळ पाण्यात रांगत, चिखल चाचपत ते हातांनी कोळंबी पकडतात आणि दातांत धरलेल्या ताडपत्रीच्या पिशवीत टाकतात. येथे हात हेच जाळे असते, आणि ते तासन्‌तास पाण्यात बुडालेले राहते. किनाऱ्यावर मासे कापून विकणाऱ्या स्त्रियांच्या हातांची कथा निराळी नाही. बर्फ, खारे पाणी, खवले आणि काटे यांच्याशी त्यांचा दिवसभर संबंध येतो. १८७५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या ससून गोदीत कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांनाही हाच अनुभव येतो.

त्वचा फाटते कशी?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा बनलेला असतो. त्याला शृंगी स्तर म्हणतात. या पेशी भिंतीतील विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांतून स्निग्ध पदार्थांचा गिलावा भरलेला असतो. हा गिलावा शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे घातक पदार्थ आत येऊ देत नाही. पेशींच्या आत काही विद्राव्य द्रव्ये असतात. ती पाणी धरून ठेवतात आणि थराला लवचिक राखतात.

तळहाताचा शृंगी स्तर शरीरात इतरत्र असतो त्याहून पुष्कळ जाड असतो. मात्र तळहातावर स्वेदग्रंथी विपुल असल्या, तरी तेलग्रंथी मुळीच नसतात. चेहऱ्याच्या त्वचेला आपोआप मिळणारे वंगण तळहाताला मिळत नाही. हाताच्या पाठीवर तेलग्रंथी असतात, पण तेथील त्वचा पातळ असून तिच्यावर ऊन व वारा यांचा मारा होतो.

हात दीर्घकाळ पाण्यात राहिला, की शृंगी स्तर पाणी पिऊन फुगतो आणि नरम पडतो. बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या मात्र केवळ या फुगण्याने पडत नाहीत. मज्जातंतूंच्या आज्ञेने बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून त्या उमटतात. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटला आहे, त्याला पाण्यात ठेवूनही अशा सुरकुत्या पडत नाहीत. फुगलेल्या स्तरातील विद्राव्य द्रव्ये पाण्याबरोबर धुऊन जातात, गिलावा सैल होतो आणि घर्षणाने कातडी सहज सोलली जाते. पुढे हात वाऱ्यावर वाळतो. फुगलेला थर आक्रसतो, पण पाणी धरून ठेवणारी द्रव्ये निघून गेल्यामुळे तो पूर्वीपेक्षा अधिक कोरडा व ठिसूळ बनतो. मुठीची उघडझाप होताना तो पेरांवर तडकतो. दिवसातून अनेक वेळा ओले होणे आणि अनेक वेळा वाळणे, हे हात फाटण्याचे मुख्य कारण होय.

मीठ या क्रियेला हातभार लावते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले, की क्षारांचे कण त्वचेवर राहतात. ते ओलावा ओढून घेतात आणि हात चोळला जाताना वाळूसारखे घासतात. त्यानंतर किनाऱ्यावर मासळीचा वास घालविण्यासाठी कपडे धुण्याचा साबण किंवा भुकटी वापरली जाते. तिच्यातील अल्कली उरलासुरला गिलावाही काढून टाकते. समुद्राने अर्धवट केलेले काम अशा रीतीने साबण पुरे करतो.

निगेची तीन पावले

या कारणपरंपरेवरून उपायही स्पष्ट होतात. काम संपताच हात गोड्या पाण्याने धुवावेत. पाणी कोमट असल्यास बरे; कढत नको, कारण कढत पाणी त्वचेतील स्निग्धांश घालविते. साबण लावायचाच तर अंगाचा सौम्य साबण थोडासा लावावा. त्यानंतर बोटांच्या बेचक्यांसह हात स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावेत. चोळून पुसू नयेत. त्वचेत किंचित ओल असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. तेल त्वचेला पाणी देत नाही. आत असलेले पाणी ते अडवून धरते. म्हणून पूर्ण वाळलेल्या हाताला तेल लावण्यापेक्षा दमट हाताला लावणे अधिक गुणकारी ठरते.

कोणते तेल लावावे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. पाणी अडविण्याच्या कामी पेट्रोलियम जेली सर्वांत प्रभावी आहे. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली तिच्या निर्मितीचे पेटंट घेतले, आणि आज ती खेड्यातील दुकानातही स्वस्तात मिळते. खोबरेल तेलही चांगले. कोरड्या त्वचेवर शुद्ध खोबरेल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारी चाचणी फिलिपाईन्समध्ये झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दोन्ही सारखीच परिणामकारक व निर्धोक आढळली. कोकणात पायांच्या व हातांच्या भेगांवर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल ऊन करून भरण्याची जुनी रीत आहे, आणि तीही याच तत्त्वाला धरून आहे.

रात्री झोपताना मलमाचा जाड थर देऊन हातांत जुने सुती मोजे घातले, तर सकाळपर्यंत बराच फरक पडतो. कडक झालेल्या घट्ट्यांवर युरिया असलेले मलम उपयोगी पडते. ते उघड्या भेगेवर मात्र झोंबते. खोल भेगेत जेली भरून वर चिकटपट्टी लावावी, म्हणजे तिच्या कडा जवळ राहतात आणि ती लवकर भरून येते. वास घालविण्यासाठी फाटलेल्या हातावर लिंबू किंवा मीठ चोळणे, अगर भेगेत चुना भरणे सर्वथा टाळावे.

तेल लावायचे ते काम संपल्यावर. जाळे ओढण्यापूर्वी लावलेल्या तेलाने पकड निसटते, आणि होडीत पकड निसटणे भेगेपेक्षा अधिक धोक्याचे असते. कामाच्या वेळी रक्षण करायचे ते हातमोज्यांनी. रबरी मोज्यात पाणी शिरले, तर हात आतल्या आत भिजत राहतो. म्हणून मोजे मनगटापाशी घट्ट असावेत, आत सुती अस्तर असावे आणि ते रोज उलटे करून वाळवावे. गळाची दोरी हाताळताना बोटांना स्पर्श कळावा लागतो. तेथे पूर्ण मोज्याऐवजी केवळ दोरी घासणाऱ्या बोटांवर रबराची किंवा कापडाची टोपणे घालणे सोयीचे पडते.

गोड्या पाण्याचा प्रश्न

तीन पावलांपैकी पहिलेच पाऊल चेन्नईत सर्वांत कठीण ठरते. होडीत नेलेले गोडे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी असते. शहरातही पाण्याची हमी नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी पुरविणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, आणि त्या वर्षीच्या जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या घरात घागरी मोजून पाणी भरले जाते, तेथे हात धुण्याला शेवटचा क्रमांक मिळावा यात नवल नाही. तथापि यासाठी नळाखाली उभे राहण्याची गरज नसते. एका तांब्यातील पाणी हळूहळू ओतून घेतले, तरी क्षार निघून जातात. भेगेमुळे आठवडाभर बुडणाऱ्या मजुरीच्या मानाने एक तांब्या पाणी महाग नव्हे.

भेगेतून शिरणारे रोग

साध्या भेगा चार-आठ दिवसांच्या काळजीने भरून येतात. काही लक्षणे दिसल्यास मात्र घरगुती उपचारांवर विसंबून राहू नये. मासळीचा काटा टोचल्यानंतर काही दिवसांनी बोटावर जांभळट-लाल, कडा स्पष्ट असलेला, आग होणारा चट्टा पसरू लागला, तर तो मासळी हाताळणाऱ्यांमध्ये आढळणारा एक जंतुसंसर्ग असू शकतो. तो पेनिसिलीनने बरा होतो. काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी गाठ येऊन ती भरून न येणे, हे क्षयजंतूच्या जातकुळीतील एका जलचर जंतूचे काम असू शकते. त्यावरील औषध कित्येक महिने घ्यावे लागते. कोळंबी हाताळताच काही मिनिटांत खाज सुटून गांधी उठणे ही तिच्यातील प्रथिनांची बाधा होय. सोबत श्वास लागल्यास उपचाराला विलंब करू नये. शिंगाळा किंवा पाकट यांचा विषारी काटा लागल्यास, सोसवेल इतक्याच ऊन पाण्यात हात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि धनुर्वाताची लस आवश्यक असते.

सर्वांत घातक संसर्ग समुद्राच्या कोमट पाण्यातील व्हिब्रिओ जातीच्या जंतूंचा. तो क्वचित होतो. पण यकृताचा विकार अथवा मधुमेह असलेल्यांत तो काही तासांत हात सुजवितो, काळसर फोड आणतो आणि प्राणावर बेतू शकतो. मधुमेहाने ज्याच्या बोटांची संवेदना मंदावली आहे, त्याला तर चीर पडल्याचेही कळत नाही. त्याने रोज उजेडात हात न्याहाळले पाहिजेत. काशीमेडूपासून जवळच असलेल्या शासकीय स्टॅन्ली रुग्णालयात डॉ. आर. वेंकटस्वामी यांच्या पुढाकाराने हातांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि भारतातील या शास्त्राच्या पायाभरणीत त्याला मानाचे स्थान आहे. श्रमिकांच्या वस्तीला अशी संस्था लाभली आहे. तेथे वेळेवर पोहोचणे तेवढे रुग्णाच्या हाती असते.

खनिज तेल अंगाला लागते तेव्हा

या किनाऱ्याला आणखी एका संकटाची ओळख झाली आहे. २८ जानेवारी २०१७ रोजी एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीच्या औद्योगिक भागातील तेल एन्नोरच्या खाडीत उतरले. दोन्ही वेळा तेल उपसण्याच्या कामात मच्छीमार होते. असे तेल हाताला लागल्यास ते रॉकेल किंवा पेट्रोलने काढू नये, कारण त्यांनी त्वचा अधिकच भाजते. खाण्याचे तेल चोळून ते सैल करावे, फडक्याने पुसावे आणि मग साबणाने धुवावे.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांना प्रजननास अवसर मिळावा हा तिचा हेतू. बाह्यत्वचेला नव्याने घडण्यास सुमारे चार आठवडे लागतात. तेव्हा या काळात खलाशाच्या हातांनाही नवी कातडी येऊ शकते. लहान होडीवरचा मच्छीमार व खाडीत कोळंबी वेचणारी स्त्री यांना मात्र एवढी सलग विश्रांती मिळत नाही. त्यांच्या हातांना विसावा मिळायचा तो रोजच्या कामानंतरच, आणि त्यासाठी तांब्याभर गोडे पाणी, कोरडे फडके आणि बोटभर तेल पुरेसे आहे.