विलायतेंतील पदवीनंतरचीं दोन वर्षें

पुण्यामुंबईच्या मध्यम वर्गांतील घरांतून परदेशगमनाच्या ज्या वार्ता हल्लीं ऐकूं येतात, त्यांत ब्रिटनमधील एका वर्षाच्या एम्. एस्‌सी.चा वांटा बराच मोठा आहे. मुलगा किंवा मुलगी जाते, वर्षभरांत पदवी पदरांत पडते, आणि मग कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या घरीं एकच प्रश्न घोळूं लागतो : "नोकरीचें काय?" मूल हुशार, कष्टाळू, इंग्रजी उत्तम, मग तेथील मालकाचें घोडें अडतें कोठें? याचें उत्तर आपल्या ओटीवर बसून मिळावयाचें नाहीं. त्यासाठीं घटकाभर त्या मालकाच्या खुर्चींत जाऊन बसलें पाहिजे.

१ जुलै २०२१ रोजीं ब्रिटिश सरकारनें ‘ग्रॅज्युएट रूट’ नांवाची वाट खुली केली. तेथील पदवी मिळविलेल्या परदेशीय विद्यार्थ्यानें अर्ज करावा व दोन वर्षें राहून काम करावें. डॉक्टरेट मिळविणारास तीन वर्षें. अशी सवलत पूर्वींहि होती, पण एप्रिल २०१२ मध्यें ती बंद झाली होती. आतांच्या सवलतीलाहि कात्री लागलीच आहे. मे २०२४ मध्यें सरकारच्याच तज्ज्ञ समितीनें, सवलतीचा सर्रास दुरुपयोग आढळत नाहीं, ती चालूं ठेवावी, असा अभिप्राय दिला; तरी पुढच्याच वर्षीं मुदत कमी करण्याचें ठरलें. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज करणारास दोन वर्षें, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणारास अवघे अठरा महिने. डॉक्टरेटवाल्यांचीं तीन वर्षें मात्र कायम. हा व्हिसा ज्यांना मिळतो त्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला असल्यामुळें ही कात्री आपल्याच घरांना अधिक लागणार, हें उघड आहे.

आतां मालकाची बाजू पाहूं. या व्हिसावरील पदवीधराला नोकरी देण्यास मालकाला कसलाहि परवाना लागत नाहीं, सरकारला एक पैहि द्यावी लागत नाहीं, पगाराची विशेष अटहि नाहीं. उमेदवारानें सरकारी संकेतस्थळावरून नऊ अक्षर-अंकांचा ‘शेअर कोड’ काढून द्यावा. मालकानें तो व जन्मतारीख घालून व्हिसाची मुदत पाहावी, त्याची प्रत जपून ठेवावी, आणि मुदत संपण्यापूर्वीं पुनः तपासणी करावी. एवढेंच काम. पण तें न करतां हक्क नसलेल्या माणसास कामावर ठेवलें, तर फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या खेपेसच माणशीं ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो. हा आंकडा ऐकून लहानसहान मालक बिचकतात, आणि ‘परदेशीय’ हा शब्द दिसतांच अर्ज बाजूला सारतात. वस्तुतः २०१० च्या समता कायद्यानें राष्ट्रीयत्वावरून असा भेदभाव करण्यास मनाई आहे. तेव्हां यांत पुष्कळसा भाग निव्वळ अज्ञानाचा आहे.

परंतु सर्वच अज्ञान नव्हे. जाणता मालकहि विचार करतो कीं, मी याला वर्षभर शिकवून तयार करीन, आणि मुदत संपली म्हणजे काय? हा व्हिसा वाढवून मिळत नाहीं. पुढें ठेवावयाचें तर ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा हवा, आणि तेथें मालकाला प्रायोजक व्हावें लागतें. त्यासाठीं परवाना हवा. शिवाय डिसेंबर २०२५ मध्यें वाढलेल्या दरानें मोठ्या कंपनीला दरसाल १,३२० व लहान धंद्याला ४८० पौंड कर. आमच्या शाळामास्तरी हिशेबानें पांच वर्षांचे ६,६०० पौंड झाले, आणि तेहि एका माणसापायीं!

पगाराचें गणित याहून नाजूक आहे. जुलै २०२५ मध्यें ठरलेल्या नियमाप्रमाणें सामान्यतः वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार हवा. नवोदितांना सवलत म्हणून ३३,४०० चालतात. (धंद्याचा रूढ दर अधिक असेल तर तोहि पाहिला जातो.) मात्र नवोदितपणाचा काळ एकंदर चार वर्षांचा, आणि त्यांत ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेलीं वर्षेंहि धरतात. म्हणजे ज्यानें पहिलीं दोन वर्षें पुरीं वापरलीं, त्याच्यासाठीं सवलतीचीं दोनच उरलीं. पुढें मालकानें पगार एकदम चढवावा, नाहीं तर निरोप द्यावा. शिवाय नोकरीच्या वाटेनें कायम वास्तव्य मिळवावयाचें झाल्यास हीं पहिलीं दोन वर्षें हिशेबांत येत नाहींत.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. विद्यार्थी-व्हिसावरून उमेदवाराला सरळ स्किल्ड वर्करवर घेतल्यास मालकाला तो वार्षिक कर माफ असतो. ग्रॅज्युएट व्हिसाच्या मार्गानें आल्यास माफ नसतो. तेव्हां जो मालक आधींपासूनच प्रायोजक व्हावयास राजी आहे, त्याच्याशीं अभ्यासक्रम संपण्यापूर्वींच बोलणें लाभाचें. अशी नोकरी हातीं नसेल तर मात्र ग्रॅज्युएट व्हिसा घेणेंच बरें. पारखून घेण्यास दोन्ही पक्षांना त्यानें अवधि मिळतो.

त्या अवधींत कोणतें काम पतकरावें, हाहि प्रश्न आहेच. व्यावसायिक खेळाडूचा किंवा खेळ-शिक्षकाचा धंदा सोडल्यास कायद्यानें कसलेंहि काम चालतें. स्वतःचें दुकानहि काढतां येतें. पण जुलै २०२५ पासून मालकाला प्रायोजक होतां येतें तें बहुतेक पदवीच्या दर्जाच्या कामांपुरतेंच. कॉफीगृहांत उभें राहून मिळवलेल्या पैशांत कमीपणा मुळींच नाहीं, घरभाडें त्यांतूनच सुटतें. तथापि त्या कामावरून पुढचा व्हिसा मिळत नाहीं. आठवड्यांतले दोन दिवस तरी आपल्या विद्येच्या कामाच्या शोधाला राखलेच पाहिजेत.

आमच्याकडील कांहीं वडीलधाऱ्यांना वाटतें, मालकाचा खर्च आपण भरून दिला तर झालें! हें कदापि करूं नये. तो कर कामगाराकडून वसूल करण्यास बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून प्रायोजकाचा परवाना व दाखला यांचें शुल्कहि त्याच्यावर लादतां येत नाहीं. असे पैसे मागणाऱ्या मालकाचा परवाना जाऊं शकतो. परवाना गेला म्हणजे मुलाची नोकरीहि गेली. मध्यस्थ पैसे मागूं लागला तर त्याला वाटेला लावावें.

शेवटीं एक सूचना. हा अर्ज ब्रिटनमध्यें राहूनच, विद्यापीठानें ‘अभ्यासक्रम पुरा झाला’ असें गृहखात्यास कळविल्यानंतर, पण विद्यार्थी-व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीं करावा लागतो. आणि निकाल हातीं येण्यापूर्वीं देश सोडल्यास अर्ज मागें घेतला असें समजतात. एम्. एस्‌सी.चे निकाल पुष्कळदां ऐन दिवाळीच्या सुमारास लागतात. तेव्हां मुलाला फराळाला बोलावण्याआधीं, अर्जाचें काय झालें तें विचारून घ्यावें, आणि लागलेंच तर चकल्या टपालानें पाठवाव्या.