सहाची बाटली, अडीचची बाटली

सकाळी 5:45. विठ्ठलवाडीच्या देवळाजवळ मुठेच्या काठावर नव्या स्वयंसेवकांची पहिली तुकडी जमते. जानेवारीचा रविवार, त्यामुळे अर्ध्यांच्या डोक्याला मफलर. पाण्याजवळ जाण्याआधी मी सगळ्यांचे हात-पाय बघते. ओरखडा किंवा उघडी जखम असेल त्याने आज फक्त वही सांभाळायची, कारण लेप्टोची भीती खरी आहे. बाकीच्यांना गमबूट, हातमोजे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही विचारून घेते.

6:00. पहिलं काम बाटली भरण्याचं. तोंड पाण्याखाली नेऊन, तिरपी धरून, हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता भरायची आणि बूच पाण्यातच बसवायचं. मग दोन रसायनांचे थेंब. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. आजचा साका पांढऱ्याकडे झुकलेला, दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो, मासे आणि वन्यजीवांसाठी 4. इथलं पाणी दोन्हींच्या बरंच खाली.

“पण ताई, वर तर खडकवासल्याचं स्वच्छ पाणी आहे ना?” एक कॉलेजचा मुलगा विचारतो. आहे की. पण पावसाळा सरला की धरणातलं पाणी शहराकडे आणि कालव्याने शेतीकडे जातं, नदीत ते फारसं सोडलं जात नाही. मग या दिवसांत पात्रात वाहतं काय? मुख्यतः नाल्यांनी आणलेलं सांडपाणी. नदी आटली नाही म्हणून आपण तिला वाहती म्हणतो, एवढंच.

7:30. उजाडलं. आता जाळी आणि पांढरे ट्रे. गाळ ढवळून जाळीत घ्यायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि वाट बघायची. थोड्या वेळाने काहीतरी वळवळतं. तांबड्या, दोऱ्यासारख्या अळ्या. चावा न घेणाऱ्या एका जातीच्या चिलटांच्या त्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि म्हणूनच प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही तग धरतात. शेजारी मी स्पिरिटमधली छोटी कुपी ठेवते. धरणाच्या वरच्या एका ओढ्यातली मेफ्लायची अळी आहे तीत, शेपटीसारखे तीन बारीक तंतू असलेली. तिला स्वच्छ, खेळतं पाणी लागतं. ती इथे सापडेल तो दिवस मी पेढे वाटेन. रासायनिक चाचणी त्या क्षणापुरतं सांगते. हे किडे महिनाभराची साक्ष देतात.

9:15. पोहे, चहा आणि दर वेळचा वाद. “आपण कचरा कधी उचलायचा?” सोसायटीचे एक निवृत्त काका अस्वस्थ आहेत. त्यांनी घमेली आणि फावडीही आणलीत. कचरा उचलू, काका. पण माझं मत मी लपवत नाही: एका सकाळी टेम्पोभर प्लॅस्टिक काढून फोटो टाकणारी मोहीम नदीपेक्षा माणसांना जास्त बरं वाटायला लावते. पुढच्या पुरात तेवढंच प्लॅस्टिक परत येतं.

10:00. काठाने चालत नाले टिपायचे. कुठे मिळतो, पाण्याचा रंग काय, फेस आहे का, वास साबणाचा की मैल्याचा. प्रत्येक फोटोवर वेळ आणि जागा उमटलीच पाहिजे. वाटेत शेकाट्यांचा मोठा थवा दिसतो आणि कुणीतरी आनंदाने ओरडतं. लांब गुलाबी पायांचा देखणा पक्षी, पण घाण पाण्यातल्या किड्यांवर तो खुशाल पोसतो. त्याची गर्दी ही चांगली बातमी नाही. छोटा खंड्या दिसला तर त्याची वेगळी नोंद करा, असं मी सांगते. कारण त्याला मासा लागतो.

इथेच नकाशा उघडतो. निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. राडारोड्याचा ढीग कोणत्या रेषेच्या आत आहे, हे तक्रारीत लिहिता आलं पाहिजे. काकांनी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर लहानपणी पाहिलाय. रेषा त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. नकाशाचं काम मी त्यांच्याकडेच सोपवते आणि घमेल्यांचा विषय तिथेच मागे पडतो.

दुपारी 2:30. त्याच जागी, तशीच बाटली. साका चक्क तपकिरी! मुलं खूश, नदी सुधारली. नाही. काठाच्या साचलेल्या पाण्यावर हिरवं शेवाळ माजलंय, उन्हात ते प्राणवायू सोडतं. रात्रभर तेच आणि गाळातले जिवाणू मिळून तो ओढून घेतात. माशाला मात्र पहाटेही जगायचं असतं. म्हणून नमुना कुठल्या वेळचा, हे नसेल तर आकडा निरर्थक. दुपारचे नमुने दाखवून नदी निरोगी ठरवणं अगदी सोपं आहे, आणि मुलांनी आज ती युक्ती स्वतःच्या हाताने करून पाहिली.

4:00. जलपर्णीचा एक पट्टा ओढून काढतो. पाण्यात मैल्याचं खत असेल तोवर ती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते, त्यामुळे फार भ्रमात कुणी नाही. मुळांशी अडकलेल्या गोगलगायी मोजून वहीत लिहितो आणि ढीग पाण्यापासून लांब टाकतो.

5:15. तक्रार लिहिण्याचा तास, सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. “नदी फार घाण झाली आहे” हे वाक्य मी खोडते. नाला कुठला, कधी पाहिला, पाणी कसं होतं, साका कुठल्या रंगाचा, सोबत फोटो. एक प्रत महापालिकेला, एक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला; जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 पासून आहे, त्याचा उल्लेख करायचा. पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही.

रात्री 9:00. व्हॉट्सॲपवर कॉलेजच्या मुलाचा निरोप: “ताई, पुढच्या रविवारी आठला आलो तर चालेल?” मी लिहिते: सहा. आणि येताना दोरी बांधलेली बादली आण, आजची फुटली.