अत्याचारपीडितांचे साहाय्य : ऑस्ट्रेलियातील चर्चचा अनुभव

ज्या संस्थेच्या आश्रयाखाली बालकांवर लैंगिक अत्याचार झाले, त्याच संस्थेने पुढे पीडितांच्या साहाय्याची व्यवस्था चालविल्यास ती कितपत विश्वसनीय ठरते? ऑस्ट्रेलियातील कॅथॉलिक चर्चच्या अनुभवावरून या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते.

१९९६ साली तेथे अशा दोन व्यवस्था अस्तित्वात आल्या. मेलबर्नच्या महाधर्मप्रांताने ऑक्टोबरमध्ये स्वतःची निराळी पद्धती जाहीर केली. ती ‘मेलबर्न रिस्पॉन्स’ या नावाने ओळखली जाते. देशातील अन्य धर्मप्रांत व संन्यस्त संघ यांच्यासाठी डिसेंबरमध्ये ‘टुवर्ड्स हीलिंग’ नावाची कार्यपद्धती मान्य करण्यात आली. मेलबर्नच्या व्यवस्थेची तीन अंगे होती. तक्रारीची शहानिशा करण्याचे काम आयुक्ताकडे असे. ‘केअरलिंक’ ही शाखा समुपदेशन व मानसोपचार यांची सोय करी. आणि भरपाईची रक्कम एक मंडळ सुचवी. या रकमेची कमाल मर्यादा प्रारंभी ५०,००० डॉलर होती. पीडितांचे म्हणणे नोंदवून घेणारी निश्चित पद्धती आखली गेली, हे या प्रयत्नांचे महत्त्व होय.

तथापि या रचनेत एक मूलभूत उणीव होती. आयुक्त ‘स्वतंत्र’ म्हणविला जात असला, तरी त्याची नेमणूक महाधर्मप्रांतच करी आणि त्याचा मोबदलाही महाधर्मप्रांताकडूनच मिळे. भरपाई स्वीकारणाऱ्यास दिवाणी दाव्याचा हक्क सोडून द्यावा लागे. न्यायालयाचा मार्गही खडतर होता. चर्चच्या मालमत्तेचे विश्वस्त धर्मगुरूच्या अशा कृत्यास जबाबदार धरता येत नाहीत, असा निर्णय न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने २००७ साली एलिस खटल्यात दिला. चर्च ही नोंदणीकृत संस्था नसून अनुयायांचा समुदाय असल्याने त्याच्यावरही दावा लावता येईना. अशा स्थितीत तडजोडीस बसलेल्या दोन पक्षांचे बळ समान असणे शक्य नव्हते.

२०१३ साली नेमलेल्या शाही आयोगाने केवळ चर्चच नव्हे, तर शाळा, अनाथालये, क्रीडासंस्था अशा सर्वच संस्थांची चौकशी केली. आठ हजारांहून अधिक पीडितांनी आयोगापुढे खाजगी बैठकींत आपली हकिकत सांगितली. घडलेला प्रकार प्रथम बोलून दाखविण्यास त्यांना सरासरी जवळजवळ २४ वर्षे लागली होती. ज्या व्यक्तीवर सर्वांची श्रद्धा, तिच्याविरुद्ध बोलणे बालकास किती दुष्कर असते, याची कल्पना या आकड्यावरून येते. बालपणी मिटलेले तोंड प्रौढपणी उघडते. म्हणून साहाय्याचे दारही तोवर उघडे राहिले पाहिजे.

आयोगाच्या शिफारशींनुसार १ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय भरपाई योजना सुरू झाली. तीत कमाल १,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम, समुपदेशन आणि पीडिताची इच्छा असल्यास संस्थेच्या प्रतिनिधीने समक्ष केलेली क्षमायाचना, अशी तीन प्रकारची दाद ठेवण्यात आली. खर्च संबंधित संस्थेने सोसावयाचा, परंतु निर्णय संस्थेबाहेरील व्यक्तींनी द्यावयाचा, हे या योजनेचे सूत्र होय. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याने कायदा करून एलिस खटल्यामुळे निर्माण झालेला अडसरही दूर केला. दावा सोडण्याची अट मात्र राष्ट्रीय योजनेतही कायम राहिली.

संस्थेने क्षमा मागणे व खर्चाचा भार उचलणे हे तिचे कर्तव्यच आहे. परंतु अपराधाचे मोजमापही तिच्याच हाती राहिले, तर साहाय्याचे रूपांतर संस्थेच्या बचावात होण्यास वेळ लागत नाही.