गाईडच्या नावापुढच्या पदव्या कशा वाचायच्या? (भाषा आणि ललित कलावाल्यांसाठी)



पेट झाली, निकाल लागला, आणि आता तुम्ही कॉलेजच्या वेबसाईटवर प्राध्यापकांच्या नावांची यादी उघडून बसला आहात. नाव, पद, शैक्षणिक पात्रता, अनुभव. यातून गाईड निवडायचा आहे. पुढची चार-पाच वर्षं ज्यांच्यासोबत काढायची, त्यांच्याबद्दल सध्या तुमच्याकडे एवढीच एक ओळ आहे.

मी सायन्सची. आमच्याकडे ही ओळ वाचणं सोपं असतं: एमएस्सी, पीएचडी, पोस्टडॉक, पेपर. एका जिन्याच्या पायऱ्या म्हणा ना. भाषा आणि कलांच्या विभागात मात्र तीन-चार जिने शेजारी शेजारी असतात आणि सगळेच खालून सुरू होत नाहीत. म्हणून 'पीएचडी आहे की नाही' एवढंच बघून यादीवर फुल्या मारत सुटलात तर चुकीची माणसं गळतील. आणि उलटंही होतं: माणूस अगदी योग्य असतो, पण नियमाने तो तुमचा गाईड होऊच शकत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या ते आज बघू.

आधी नियम थोडक्यात. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहाय्यक प्राध्यापक व्हायला ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागतं. ठरावीक अटींत बसणारी पीएचडी असेल तर नेट-सेटमधून सूट. विद्यापीठ विभागांत पीएचडी सक्तीची करायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं आणि जुलै २०२३ च्या दुरुस्तीत ऐच्छिक झालं. त्यामुळे एखाद्या मॅडमच्या नावापुढे फक्त 'एमए, सेट' असेल तर त्या कमी शिकलेल्या आहेत असं नाही. नेमणूक कधी झाली ते बघा. १९९१ ते २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न तर महाराष्ट्रात कोर्टापर्यंत गाजला. नेमणुकीच्या वर्षाशिवाय पदवीला अर्थ नाही, हे डोक्यात ठेवा.

आता भाषा. इथे पदवीच्या नावापेक्षा प्रबंधाचा विषय जास्त बोलतो. 'एमए मराठी, पीएचडी' ही ओळ दहा जणांची सारखी दिसेल, पण एकाचं काम संतसाहित्यावर, दुसऱ्याचं बोलींवर, तिसऱ्याचं दलित आत्मकथनांवर असतं. इंग्रजीच्या विभागात आणखी एक फाटा आहे: साहित्यवाले आणि भाषाशिक्षणवाले. हैदराबादच्या इफ्लूचं इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र कुणाकडे दिसलं तर त्यांचा कल दुसरीकडे असण्याची शक्यता आहे, हे लक्षात घ्या. एमफिल दिसलं तर त्याचाही विषय विचारा. २०२२ च्या विनियमांनी एमफिल बंद झालं, पण जुन्या माणसांचं खरं आवडीचं काम कधी कधी त्यातच असतं.

संस्कृतच्या बाबतीत तर बरेच जण चकतात. पारंपरिक पद्धतीने शिकलेल्यांच्या नावापुढे शास्त्री, आचार्य, विद्यावारिधी असं असतं. शास्त्री म्हणजे पदवी, आचार्य म्हणजे पदव्युत्तर आणि विद्यावारिधी म्हणजे पीएचडीच. वेबसाईटवर कंट्रोल-एफ करून 'पीएचडी' शोधत बसलात तर हे लोक सापडणारच नाहीत.

शिवाय भाषेच्या माणसाची पदवी त्याच भाषेतली असेल असंही नाही. अशोक केळकरांचं एमए इंग्रजीतलं, पीएचडी अमेरिकेतल्या कॉर्नेलची, भाषाविज्ञानातली. आणि मराठी भाषेविषयी त्यांनी जे लिहिलं ते वगळून पुढे जाता येत नाही. विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. गंगाधर गाडगीळ तर अर्थशास्त्राचे प्राध्यापक! तेव्हा मराठीतल्या विषयासाठी शेजारच्या इंग्रजी किंवा भाषाविज्ञान विभागाची यादीही एकदा वाचा. गाईड नाही तर निदान सह-मार्गदर्शक तिथे मिळू शकतो.

ललित कलांमध्ये मात्र सगळंच गुंतागुंतीचं होतं, म्हणून इथे जरा थांबू.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पिढ्यानपिढ्या लोक बाहेर पडले ते जी.डी. आर्ट ही पदविका घेऊन. पदवी अभ्यासक्रम नंतर आले. म्हणजे जुन्या चित्रकार-शिक्षकाच्या ओळीत 'डिप्लोमा' दिसला तर नाक मुरडू नका, त्या काळी तेच मुख्य शिक्षण होतं. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवणारे के. जी. सुब्रमण्यन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकले होते, मग शांतिनिकेतनच्या कलाभवनात गेले. आजच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये हे बसवायचं कुठल्या रकान्यात?

संगीत-नाटकात तर हे सर्रास. प्रभा अत्रे विज्ञानाच्या पदवीधर, कायद्याच्याही पदवीधर, संगीतात डॉक्टरेट, आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचं प्रमुखपद १९९६ पासून २००९ पर्यंत सतीश आळेकरांकडे होतं. त्यांची एमएस्सी जीवरसायनशास्त्रातली, आणि आधीची नोकरी बी. जे. मेडिकल कॉलेजात. (आमच्या लॅबमध्ये हे सांगितलं की सगळ्यांची छाती उगाच फुगते.)

यूजीसीलाही ही अडचण कळते. म्हणून २०१८ च्या विनियमांत संगीत, प्रयोगकला आणि दृश्यकलांसाठी वेगळी वाट ठेवली आहे. संगीतात नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' ग्रेड कलाकार, आणि विषय तर्कशुद्धपणे समजावून सांगू शकणारा माणूस सहाय्यक प्राध्यापक होऊ शकतो. दृश्यकलेत पाच वर्षांच्या प्रदर्शनांचा पुरावा मोजला जातो. अमेरिकेत चित्र-शिल्पाच्या प्रत्यक्ष सरावासाठी एमएफए हीच शेवटची पदवी मानली जाते. आपल्याकडे तसं नाही.

आणि खरी गाठ इथेच पडते. शिकवायला कलाकार चालतो. पीएचडीचा गाईड व्हायला चालत नाही. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांप्रमाणे गाईडला स्वतःची पीएचडी हवी, तो कायमस्वरूपी हवा, आणि पिअर-रिव्ह्यूड नियतकालिकांत प्राध्यापक-सहयोगी प्राध्यापकाचे किमान पाच, सहाय्यक प्राध्यापकाचे किमान तीन शोधनिबंध हवेत. प्रदर्शनं, मैफली, नाट्यप्रयोग यांची या मोजणीत जागा नाही. त्यातच एनआयआरएफच्या क्रमवारीत पीएचडीधारक अध्यापकांचं प्रमाण गुणांत धरलं जातं, त्यामुळे कॉलेजंही हल्ली 'आधी पीएचडी करा' म्हणून मागे लागतात. माझं मत विचाराल तर यातून चांगले प्रबंध थोडे आणि घाईचे प्रबंध जास्त निघतात. ते असो.

तुमच्यावर याचा परिणाम काय? कलेतले मान्यताप्राप्त गाईड मोजके, मग विद्यार्थी इतिहास, शिक्षणशास्त्र किंवा मराठीकडे वळतात आणि विषय हळूहळू त्या विभागाच्या मापाने कापला जातो. माझ्या एका मैत्रिणीला संगीत नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांवर काम करायचं होतं. रंग, कापड, पर्स्पेक्टिव्ह, चित्रकारांचं तंत्र. नोंदणी इतिहासात झाली. आता प्रबंधात नाटक कंपन्यांचे हिशेब आणि पत्रव्यवहार आहे, पडदे शेवटच्या एका प्रकरणात. काम वाईट नाही, पण तिला करायचं होतं ते हे नव्हे.

म्हणून मुलाखतीआधी एवढं कराच. शोधगंगावर गाईडचं नाव टाकून त्यांचा स्वतःचा प्रबंध आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा. निदान प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचा. त्यांच्याकडे जागा आहे का ते विभागात विचारा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहाय्यक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, आणि हे लाजेपोटी कुणी विचारत नाही! ऑफिसात क्लार्क काकांना विचारलं तरी कळतं.

आणि ज्यांच्याकडे खरं ज्ञान आहे पण पीएचडी नाही, त्यांचं काय? त्यांना सोडू नका. पीएचडीधारक गाईड विषयाजवळचा घ्या, सह-मार्गदर्शक दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला मिळतो का बघा. नियमात ती सोय आहे. चित्रकार सरांना किंवा गायिका मॅडमना सल्लागार म्हणून रीतसर जोडायचं असेल तर संशोधन आराखड्याच्या कार्यपद्धतीतच लिहा: कोणाकडे, किती दिवस, काय शिकणार, मुलाखती कशा ध्वनिमुद्रित करणार. तोंडी ठरवलेलं संशोधन समितीपुढे टिकत नाही. आराखड्यात लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी 'हे तुमच्या विषयात कुठे बसतं?' असं कोणी विचारलं तर पान उघडून दाखवता येतं.